उपवासकाळातला डोस

कडुनिंबाला मोहोर आला की आमच्या चर्चच्या मंडळीत घरोघरच्या प्रार्थनासभा सुरू होतात. उपवासकाळ, म्हणजे ईस्टरच्या आधीचे ते लांबलचक आठवडे. रोज संध्याकाळी कोणाच्या तरी हॉलमध्ये सतरंज्या पडतात, सोफा भिंतीला जातो, पेटी उघडते आणि समोरच्या फ्लॅटमधली माणसं गॅलरीत येऊन आमची गाणी ऐकत उभी राहतात. याच दिवसांत दहावीचे पेपर असतात. याच दिवसांत मनमाड रोडला कलिंगडांचे ढीग लागतात आणि भर दुपारी सावेडीतल्या रस्त्यांवर चिटपाखरू दिसत नाही. परवा यंदाची पहिली सभा झाली. परत येताना तो कडवट-गोड वास आला आणि मी चालता चालता थांबले. वास आला याचंच मला अजून बरं वाटतं, कारण एका वर्षी तो आला नव्हता. म्हणजे आला असणार, नाक काही चोंदलेलं नव्हतं. कडुनिंब फुलला आहे एवढी माहिती मला मिळाली होती, आणि ती घेऊन मी पुढे चालू लागले होते.

मी शाळेत विज्ञान शिकवते. माहिती देणं हाच माझा धंदा. पण नुसत्या माहितीवर एक अख्खा ऋतू काढता येतो, हे मला त्या वर्षी कळलं.

आजार आधीच्या पावसाळ्यात आला. डॉक्टरांनी त्याला नैराश्य म्हटलं, तेव्हा मला ते नाव फारच पुस्तकी वाटलं. माझं दुखणं त्याहून साधं होतं. मेथीची जुडी निवडायला घेतली की ती संपायची नाही. फळ्याकडे तोंड केलं की पुढचं वाक्य सापडायचं नाही आणि वर्गाकडे वळायची भीती वाटायची. मग शाळेतून रजा आणि घरात भिंतीकडे तोंड. माझा नवरा अनिल सुप्याच्या कारखान्यात आहे. पहिल्या पाळीला निघताना तो उशाशी चहा ठेवून जायचा आणि आल्यावर साय धरलेला कप उचलून सिंकमध्ये ठेवायचा. प्रेरणा, आमची एकुलती एक मुलगी, दहावीत होती. ती शाळेतून आली की दारातूनच आधी माझ्या पांघरुणाकडे बघायची, ते हलतंय का म्हणून. मला ते दिसायचं आणि त्याचं इतकं वाईट वाटायचं की जगणंच नको व्हायचं. हे मी डॉक्टरांना सांगितलं तेव्हा त्यांनी पेन खाली ठेवलं.

त्यांनी सुरुवातीला अगदी थोडी गोळी दिली. मी विचारलं, एवढीच का? मास्तरकीची खोड, आजारातही जात नाही. ते म्हणाले, "बाई, हा डोस वजनावर ठरत नाही. सख्ख्या बहिणी असल्या तरी एकीला जेवढी पुरते तेवढी दुसरीला पुरेलच असं नाही. आधी पोटाला, झोपेला सवय होऊ दे. गुण यायला काही आठवडे जातात. मग ठरवू, वाढवायची की तिथेच थांबायचं. तुमच्या मनाने मात्र कमी-जास्त करू नका, बंद तर मुळीच नको." पहिले काही दिवस नुसती मळमळ झाली. मग मळमळ गेली, पण बाकी काही गेलं नाही. डॉक्टरांनी डोस वाढवला.

सासूबाई तेव्हा राहुरीकडच्या गावाहून आल्या होत्या, पिशवीत भुईमुगाच्या शेंगा आणि डोळ्यांत हजार शंका घेऊन. गोळी मोठी झाली हे त्यांना कळलं आणि त्या पलंगावर माझ्या पायाशी टेकल्या.

"डोस वाढीवला म्हंजी आजार वाढला व्हय गं?"

"तसं नाही, आई. आधीचा कमी पडत होता."

"लई गोळ्या खाऊ नको बाई. पोट जळतं." मग थोडं थांबून, "पर खा. उठून बस म्हंजी झालं."

त्यांचं काही चुकत नव्हतं. डोस म्हणजे आजाराची उंची, असं मलाही वाटायचं. तापाला थर्मामीटर असतो, साखरेला रक्त तपासतात. इथे मोजायला काहीच नसतं, म्हणून माणूस गोळीच मोजत बसतो. डॉक्टर तरी काय करणार, तेही माझ्या तोंडाकडे बघूनच ठरवत होते. नाताळानंतर त्यांनी डोस आणखी एक पायरी वर नेला आणि मग मी खरंच उठले. जुडी निवडून झाली. कपड्यांच्या घड्या झाल्या. शाळेत रुजू झाले आणि फळ्यावरची वाक्यं पूर्ण होऊ लागली. अनिलने ठेवलेला चहा मी गरम असतानाच पिऊ लागले. चव विचाराल तर चहा चहासारखा होता.

घरातल्यांना हायसं वाटलं. हायसं वाटलेली माणसं फार बारकाईने बघत नाहीत, आणि बघावं तरी का, इतके महिने बघूनच तर दमली होती. मीही नीट बघितलं नाही. दुःख नव्हतं. कुठे दुखत नव्हतं. दाताच्या डॉक्टरकडे हिरडीला सुई दिल्यावर गाल असतो तसं सगळं होतं: हात लावला की आहे हे कळतं, पण आपलं आहे असं वाटत नाही. टीव्हीवरच्या विनोदाला घरात हसू फुटलं की मी जरा उशिराने हसायची, हसायची जागा आहे हे ओळखून. माझी जवळची मैत्रीण बदली होऊन नाशिकला गेली. तिला सोडायला तारकपूरच्या स्टँडवर गेले, हात हलवला, आणि येताना कोथिंबीर घेऊन आले.

त्यातच उपवासकाळ लागला. आमच्या मंडळीतल्या सुमनमावशी या प्रार्थनासभांचा कणा. पातळ करड्या केसांचा अंबाडा, मोठा आवाज, कोणाच्याही घरी स्वयंपाकघरापर्यंत थेट प्रवेश. माझ्या आजारात त्या न चुकता येऊन डोक्यावर हात ठेवून प्रार्थना करून जायच्या. त्या वर्षी आमच्याकडे सभा होती. मी लिंबू सरबत केलं, सगळ्यांना दिलं, आणि एका कोपऱ्यात बसले. गाणी झाली. मग साक्ष द्यायची वेळ आली. साक्ष म्हणजे देवाने आपल्यासाठी काय केलं ते उभं राहून चारचौघांत सांगायचं. एरवी ज्याची साक्ष त्याने द्यायची. पण सुमनमावशींना धीर निघेना, त्याच उठल्या.

"आपल्या सुजाताचा चेहरा बघा," त्या म्हणाल्या. "दिवाळीला ही पोरगी अंथरुणातून उठत नव्हती. आज बघा कशी शांत बसलीय. ना घाई, ना चिंता. लेक दहावीला हाय आणि आईच्या कपाळावर एक आठी न्हाई. जगाला देता येत न्हाई अशी शांती प्रभूने दिलीय तिला."

सगळे "आमेन" म्हणाले. बायका माझ्याकडे इतक्या प्रेमाने बघत होत्या की मी मान हलवली. दुसरं काय करणार? मला खरंच वाटलं, असेल. शांती अशीच असत असेल. लहानपणापासून तिच्याबद्दल इतकं ऐकलं होतं, आणि ती आल्यावर कशी लागते हे कोणीच सांगितलं नव्हतं. सरबताचे पेले गोळा करताना मी मनात म्हटलं, बरंय, आता ही जपायला हवी. या गोष्टीवर पुढे मी हसले आहे, पण ती चूक मुळीच विचित्र नव्हती. जिथे माणसं रोज संध्याकाळी शांती मागायला जमतात, तिथे बधिर माणूस पटकन संतपदाला पोचतो.

पेपर सुरू झाले. आमच्या घरी रीत आहे की परीक्षेला निघताना आईने मुलाच्या डोक्यावर हात ठेवून प्रार्थना करायची. पहिल्या दिवशी प्रेरणा दारात मान खाली घालून उभी राहिली. तेल लावून घट्ट घातलेली वेणी, छातीशी पारदर्शक पाऊच. मी हात ठेवला आणि म्हणायचं ते सगळं म्हटलं: बुद्धी दे, स्मरण दे, भीती काढून टाक. शब्दाला शब्द बरोबर. मधेच माझे डोळे उघडे होते हे माझ्या लक्षात आलं, कारण तिचेही उघडे होते. ती मान वर करून माझ्याकडे बघत होती.

केंद्राच्या फाटकापाशी तिने विचारलं, "आई, मी नापास झाले तर तुला काय वाटेल?"

मी खरोखर शोधून पाहिलं. वर्गात एखाद्याने चांगला प्रश्न विचारला की आपण थांबतो, तशी थांबले. मग जे सापडलं ते सांगितलं. "काही नाही."

दुसऱ्या कुठल्या पोरीला हे ऐकून केवढा आनंद झाला असता. प्रेरणाने पाऊचची चेन उघडली, परत लावली आणि आत गेली. मी माझ्या केंद्रावर पर्यवेक्षणाला गेले. पुरवण्या वाटल्या. तिसऱ्या बाकावरची एक मुलगी पेपर बघून रडायला लागली, तिला पाणी दिलं, खिडकीचं दार लावून ऊन अडवलं. मुख्य पर्यवेक्षक जाताना म्हणाले, "मॅडम, तुमचा वर्ग एकदम शांत." त्या दिवसांत सगळ्यांना माझ्यात तेच दिसत होतं.

दोन पेपरांच्या मधल्या सुट्टीत डॉक्टरांकडे जायचं होतं. अनिलला पाळी बदलून मिळाली नाही म्हणून प्रेरणा आली, इतिहासाचं पुस्तक घेऊन. रिक्षात ती पुस्तकाकडे बघत होती, पण पान उलटत नव्हतं. डॉक्टरांनी नेहमीचं विचारलं. झोप? चांगली. जेवण? होतं. शाळा? चालू आहे. नको ते विचार? नाहीत. ते खूश दिसले.

"आणि वाटतं कसं?"

"शांत," मी म्हटलं. "मंडळीत सगळे म्हणतात, मला शांती मिळाली."

"वा. मुलीची परीक्षा चालू आहे ना? धाकधूक?"

"नाही."

त्यांनी माझ्याकडे जरा जास्त वेळ बघितलं. मग प्रेरणाकडे. ती पुस्तक मांडीवर घट्ट धरून बसली होती.

"डॉक्टर, तिला काहीच वाटत नाही," ती एकदम म्हणाली. "मी नापास झाले तरी. मी विचारलं तिला." आणि लगेच घाईघाईने, "पण गोळी बंद नका करू. आता ती झोपून नसते. हे चालेल मला. असंच राहू दे."

पंधरा वर्षांच्या मुलीने तिथे बसून असा सौदा केला. आई असू दे, तिला माझ्याबद्दल काही वाटलं नाही तरी चालेल. आज हे लिहिताना माझा हात थांबतो. तेव्हा आत काही थांबलं नाही. तेव्हा मला दिसलं ते एवढंच, की तिने पुस्तकाच्या कोपऱ्याची सुरळी केली आहे.

डॉक्टर तिला समजेल अशा बेताने बोलले. गोळी दुःखाची धार कमी करते. पण कधी कधी डोस जास्त झाला की नुसतं दुःख नाही, सगळंच बोथट होतं, आनंद, काळजी, माया. आजार उरला असला तरी असं होतं, म्हणून नीट विचारावं लागतं. "आईची झोप, भूक, काम सगळं सुधारलंय. म्हणून मला वाटतंय, या वेळी गोळीच जरा जास्त होतेय. बंद नाही करायची. एक पायरी खाली येऊ, हळूहळू. खाली येताना थोडी चिडचिड होऊ शकते. पण जुनं काही डोकं वर काढतंय असं वाटलं, तर फोन करायचा. तू केलास तरी चालेल. पुन्हा वाढवता येते."

"मग ती शांती?" मी विचारलं. मला खरंच जाणून घ्यायचं होतं.

"तुमच्या शांतीबद्दल मी बोलणं बरं नाही," ते म्हणाले. "पण शांत असलेल्या आईलाही मुलगी नापास झाली तर वाईट वाटतं, असा माझा समज आहे."

त्या संध्याकाळी आमच्या घरात भीती आली होती. मला ती वाटत नव्हती, पण इतर दोघांच्या हालचालींत दिसत होती. प्रेरणाने वडिलांना सांगितलं, "परत तसं झालं तर मी डॉक्टरांना सांगितलं म्हणून होईल." अनिल कारखान्यात लेथवर असतो. त्याने तिला जवळ बसवून सांगितलं, की नवीन माल लावला की तेही मशीन एकदम फिरवत नाहीत. थोडं फिरवायचं, एक नग काढायचा, मोजायचा, मग पुन्हा थोडं. त्यात कोणाची चूक नसते, तशीच पद्धत असते. मग त्याने स्वयंपाकघरातली सुरी घेतली, गोळीच्या मधल्या रेघेवर धरली आणि दाबली. अर्धी गोळी ओट्याखाली उडाली. आम्ही तिघेही गुडघ्यांवर बसून ती शोधत होतो. त्या दोघांना हसू आवरेना. मी उशिराने हसले.

डोस उतरताना शरीर कुरकुरलं. कूस बदलली की डोकं गरगरायचं. स्वप्नं इतकी ठळक पडायची की सकाळी दमायला व्हायचं. प्रेरणा पुन्हा दारातून आधी माझ्याकडे बघू लागली. ईस्टरच्या आधीचा, झावळ्यांचा रविवार गेला. गुड फ्रायडेला भर दुपारी तीन तासांच्या उपासनेत बसले. चर्चचे पंखे गरम हवा फिरवत होते, बायका पदराने डोळे टिपत होत्या, आणि माझे डोळे कोरडे. सुमनमावशींनी माझ्या पाठीवर हात फिरवला. त्या अजून खूश होत्या माझ्यावर. ईस्टरला गावी गेलो. पहाटे कबरस्थानात मेणबत्त्या लावल्या, सासऱ्यांच्या थडग्यावर झेंडू ठेवले. नंतर सासूबाईंच्या वावरात कांद्याची काढणी चालू होती, तिथे बांधावर बसून कांदे कापले. डोळ्यांना पाणी आलं. सासूबाईंनी आशेने बघितलं. "कांद्याचं हाय ते," मीच सांगून टाकलं.

हे सगळं मला यंदा आठवतं आहे ते काही बरं झाल्याची साक्ष द्यायला नाही. मी अजून गोळी घेते. मध्ये एकदा, पावसाळ्यात, डोस पुन्हा वाढवावा लागला आणि नंतर पुन्हा कमी झाला. सासूबाई आता फोनवर विचारतात, "वर हाय का खाली?" जणू धरणाचं पाणी विचारावं. मी सांगते आणि आम्ही पुढच्या गोष्टीकडे वळतो. डोस वाढला की मी हरले आणि कमी झाला की जिंकले, हे मनातून काढायला मला बराच वेळ लागला. ज्या मापात माझं दुःख झेपेल आणि माझी माणसंही मला जाणवतील, ते माप शोधत राहायचं. ते एकदा सापडलं म्हणजे कायमचं सापडलं असं नसतं. सुमनमावशींना हे सांगितलं तेव्हा त्या म्हणाल्या, "मग आम्ही त्या दिवशी आमेन कशाला म्हणालो गं?" मी म्हटलं, सरबताला.

त्या वर्षी ईस्टर झाला, ऊन आणखी तापलं. प्रेरणाला सुट्टी लागली होती, मला शाळा होतीच. एका संध्याकाळी शाळेतून चालत घरी आले तर दाराला कुलूप आणि खाली पार्किंगमध्ये माझी स्कूटर नाही. शेजारच्या वहिनी म्हणाल्या, "प्रेरणा घेऊन गेली ना. मनमाड रोडने गेलेली दिसली मला." मनमाड रोड म्हणजे कंटेनर, उसाचे ट्रेलर, एसट्या. प्रेरणाला लायसन काढायचं वयही नव्हतं.

मी फाटकाशी उभी राहिले. आधी पोटात काहीतरी झालं, मला वाटलं गोळी बाधली. मग तळहात गार पडले. मग कानात ठोके. एकेक गोष्ट मी बाहेरून बघत होते, आणि मग कधीतरी बाहेरून बघणारं कोणी उरलंच नाही. रस्त्याच्या टोकाला दिवा दिसला की मी पुढे व्हायची, तो दुसऱ्याच कोणाचा निघायचा, आणि मला ते सहन होईना. मला ती हवी होती. आत्ता, इथे, अख्खी.

ती आली. हेल्मेट नाही, केस मोकळे, चेहरा वाऱ्याने फुललेला. तिने गाडी थांबवायच्या आत मी किल्ली ओढून काढली आणि माझ्या तोंडून जे सुरू झालं ते माझ्याच कानांना ओळखीचं नव्हतं. अक्कल आहे का तुला. कोणाला विचारून. ट्रेलरखाली गेली असतीस तर मी काय करायचं, सांग, मी काय करायचं होतं. तुझ्या बापाला काय सांगायचं होतं. आवाज फाटला तरी मी बोलत होते. गॅलऱ्यांमध्ये माणसं आली. वहिनी मध्ये पडायला निघाल्या आणि माझा चेहरा बघून मागे झाल्या. श्वास घ्यायला थांबले तेव्हा मनात एक बारीक शंका आली, की ही डोस उतरल्याची चिडचिड तर नसेल, डॉक्टर म्हणाले होते तशी. किल्ली मुठीत रुतत होती आणि ते दुखत होतं.

प्रेरणाने एरवीसारखं उलट उत्तर दिलं नाही. मान खाली घातली नाही. स्कूटरला धरून ती माझ्याकडे बघत उभी होती, आणि तिचे डोळे भरून आले होते.

"अजून बोल ना, आई," ती म्हणाली.